डाव्या हातातलं घड्याळ

माझं घड्याळ माझ्याच मनगटावर बंद पडलंय हे कळलं, तेव्हा मी समता कॉलोनीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रबरी चेंडू दाबत बसलो होतो. दाबत होतो म्हणजे दाबायचा प्रयत्न करत होतो. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझ्या घड्याळात तीन वीस. आधी वाटलं, दवाखान्याचंच पुढे असेल. सगळी हयात सरकारी बांधकाम खात्यात काढल्यावर भिंतीवरच्या घड्याळांवरचा विश्वास उडालेला असतो. मग नीट पाहिलं, तर माझा सेकंदकाटा जागचा हलत नव्हता.

हे घड्याळ मुलीनं दिलं होतं. मी निवृत्त झालो त्या दिवशी ती बंगळुरूहून आली होती. ऑफिसातला हारतुऱ्यांचा कार्यक्रम आटोपून घरी आलो, तेव्हा तिनं पिशवीतून डबी काढली आणि घड्याळ स्वतः माझ्या हातात घातलं. परदेशी, पोलादी पट्ट्याचं, चांगलं जड. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत अकोल्याहून बदलून इकडे रायपूरला आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात घड्याळ म्हणजे वेळ सांगणारी वस्तू, तिच्याकडे कोणी पाहत बसत नसे. त्या दिवशी मात्र मी आणि बायको दोघंही पाहत बसलो.

"याचा सेल कुठं बदलायचा?" मी विचारलं.

"इसमें सेल नहीं है बाबा. ऑटोमॅटिक है. आपका हाथ हिलेगा तो चलेगी."

आमची पोट्टी रायपूरची. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. आता त्याचं काही वाटत नाही.

पाच महिन्यांनी मला अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करताना डाव्या हातातला आरसा खाली पडला आणि मला वाचा फुटेना. बायकोनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, गाडी काढायला लावली, आणि वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून वाचलो असं डॉक्टर म्हणाले. पाय महिन्याभरात सुधारला. बोलणं थोडं जड राहिलं. डावा हात मात्र कोपरापासून खाली जो रुसला तो रुसलाच. बोटं आत वळलेली, मनगट मेल्यासारखं. मुलगी तीन आठवडे राहिली आणि मग मीच तिला परत पाठवलं. फोनवर ती विचारायची, हात कसा आहे? मी सांगायचो, नव्वद टक्के आला. बायको समोर बसून माझ्याकडे बघायची.

घड्याळ बिघडलं असं समजून मी बायकोला घेऊन तात्यापारा भागातल्या एका जुन्या घड्याळवाल्याकडे गेलो. हातभर रुंदीचं दुकान, काचेच्या काउंटरमागे सत्तरीचा माणूस, एका डोळ्याला भिंग. मागचं झाकण न उघडताच त्यांनी घड्याळ तळहातावर घेतलं, चार-पाच वेळा हलवलं आणि कानाशी धरलं.

"चल रही है. घड़ी में कुछ नहीं हुआ."

"रोज घालतो मी," मी म्हणालो. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत."

"तो फिर आप हाथ नहीं हिलाते होंगे."

किती सहज म्हणाले. भिंगही काढलं नव्हतं. मी डावा हात पँटच्या खिशात घालून उभा होतो; बाहेर जाताना मी तो तसाच ठेवायचो, म्हणजे लोकांना वाटावं की माणसाची ऐटच तशी आहे. बायकोनं माझ्या खिशाकडे पाहिलं, त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. भिंग काढून ते हळू आवाजात समजावू लागले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आत अर्ध्या चकतीएवढं एक वजन असतं, हात हलला की ते गरगर फिरतं, त्यानं स्प्रिंग ताणली जाते. एकदा पुरती ताणली की दीड-पावणेदोन दिवस चालतं. हात स्वस्थ राहिला की संपलं.

"दाहिने हाथ में पहन लीजिए," ते म्हणाले. "नहीं तो रोज चाबी दीजिए. या फिर मशीन आती है, वाइंडर. डिब्बे में घड़ी रख दो, डिब्बा घुमाता रहता है."

"इथं मिळते का?"

"हव, बड़े शोरूम में पूछिए. मैं तो चाबीवाला आदमी हूँ."

त्यांनी घड्याळाला चावी भरून दिली, पैसे घेतले नाहीत. मला ते द्यायचेच होते. बायको मला ओढतच बाहेर घेऊन आली.

उजव्या हातात घाला, हे सांगणं फार सोपं. पण उजव्या हातात घड्याळ घालायचं तर पट्टा लावायला डावा हात लागतो. डाव्या हातातलं घड्याळ मी माझं मी लावू शकत होतो: मांडीवर डावा हात ठेवायचा, पट्टा सरकवायचा, उजव्या अंगठ्यानं कडी दाबायची. त्या दिवसांत शर्टाची बटणं बायको लावायची, नाडी ती बांधायची, पोळीचे तुकडेही तीच करून द्यायची. सकाळी उठून दुसऱ्या कोणाला हाक न मारता मी जे एकच काम करत होतो, ते म्हणजे घड्याळ घालणं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंही वाटत नव्हतं.

चावी देऊन पाहिली. या घड्याळाची चावी आधी आटे सोडवून मोकळी करायची, मग फिरवायची, मग दाबून धरत पुन्हा आवळायची. घड्याळ गुडघ्यात धरलं आणि उजव्या हातानं चावी फिरवू लागलो. दोन फेरे झाले की घड्याळ निसटायचं. तिसऱ्यांदा ते पलंगावरून घरंगळून फरशीच्या कडेला जाऊन थांबलं. काच वाचली. बायको दारात उभी होती.

"आणा इकडं, मी देते चावी. दोन मिनिटाचं काम आहे."

"नको."

"काहून नको?"

"नको म्हटलं ना."

मग मी मोबाइलवर वाइंडर शोधायला लागलो. हिशेब सरळ होता. घड्याळ अंगावर नसेल तेव्हा त्या डबीत फिरत राहील, सकाळी पुरतं भरलेलं मिळेल, हात हलला नाही तरी दिवस निभेल. त्यासाठी एक छोटी डबी हवी. पण निवडायला बसलो तर डोकं गरगरायला लागलं. एका घड्याळाची, दोनाची, सहाची. लाकडी, चामड्याची, आत निळा दिवा असलेली. दिवसाला साडेसहाशे फेरे, आठशे फेरे, हजार फेरे. घड्याळाच्या दिशेनं, उलट दिशेनं, दोन्हीकडून. आयुष्यभर मी लोकांच्या निविदा तपासल्या, कोणता पंप, किती अश्वशक्तीचा, हे ठरवलं. आणि एक मूठभर मोटर मला निवडता येईना. लोकांचे अभिप्राय वाचले तर एक म्हणतो आवाज येत नाही, दुसरा म्हणतो झोप उडाली. एकानं लिहिलं होतं, डबी छान आहे, अजून घड्याळ घेतलेलं नाही.

शेवटी वैतागून एक मागवली. काळी, चकचकीत, पुढे काच. आली तेव्हा बायकोनंच घड्याळ आतल्या मनगटाएवढ्या गादीवर चढवून दिलं, कारण मी अंघोळीला गेलो होतो आणि तिला धीर निघाला नाही. मोटर सुरू झाली आणि घरात दळणाच्या चक्कीसारखा आवाज घुमला. दुपारी बायको जरा आडवी व्हायची, ती उठून बसली. मी डबी हॉलमध्ये नेली, मग स्वयंपाकघरात, मग गॅलरीत. आमचा फ्लॅट तेलीबांध्याच्या बाजूला, सहाव्या मजल्यावर. गॅलरीतून तलाव दिसतो, कडेनं चालणारी माणसं दिसतात, दोन्ही हात झुलवत चालणारी. तिथं स्टुलावर ती डबी घरघरत बसली.

दोन दिवस मी घड्याळ काढलंच नाही तिच्यातून. पुरतं भरू दे म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर डबी इमानदारीनं फिरत होती आणि घड्याळ बंद.

ते बघून मला जे झालं ते नीट सांगता येत नाही. मी त्या डबीला शिव्या दिल्या. जड जिभेनं दिलेल्या शिव्या मलाच नीट ऐकू आल्या नाहीत, त्यामुळे अजून चिडलो. परत करायची म्हणून फोन लावला तर पलीकडची बाई म्हणाली, सर, प्रॉडक्ट घूम रहा है ना? मी म्हटलं, हो, फिरतंय. तो फिर डिफेक्ट क्या है सर? मी समजावत होतो आणि ती म्हणत होती, सर आपकी आवाज़ साफ़ नहीं आ रही, किसी और को फ़ोन दीजिए. मी फोन बंद केला. डबी परत गेली ती बायकोनं नंतर दुपारी फोन केला म्हणून.

त्यानंतर आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. थंडगार, सगळीकडे काच, सुगंध मारलेला. सूट घातलेला विक्रेता पुढे आला.

"सर, कलेक्शन कितना है आपका?"

"एक."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. तो हसला. मग माझ्या हाताकडे त्याची नजर गेली आणि त्या क्षणापासून तो माझ्याशी बोलायचाच थांबला. सगळं बायकोला विचारू लागला. "मॅम, सर की घड़ी का मूवमेंट नंबर पता है? मॅम, सर को टर्न्स कितने चाहिए?" बायको बिचारी चाळीस वर्षं घर चालवलेली बाई, तिला काय ठाऊक त्या टर्नचं. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तो माझं वाक्य संपायच्या आत तिच्याकडे वळला. शेवटी त्यानं चार घड्याळांची एक पेटी दाखवली, देव्हाऱ्याएवढी. म्हणाला, एका घड्याळाची ठेवत नाही, तिला गिऱ्हाईक नाही.

"मी गिऱ्हाईक नाही काय?" मी जोरात म्हणालो. दुकानातली माणसं वळून पाहायला लागली. बायकोनं माझं कोपर धरलं, डावं, आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर बायकोनं दार उघडलं, चप्पल काढली, पाण्याचा तांब्या भरला आणि मग म्हणाली, "एक विचारू? चेंडू किती वेळा दाबून राहिले तुम्ही आजकाल?"

मी खुर्चीत बसून मोबाइल काढला.

"दिवसाले तीनशे वेळा दाबा म्हणून सांगितलं होतं दवाखान्यातल्या त्या पोरीनं. तुम्ही दिवसभर मोबाइलमध्ये त्या डब्या पाहून राहिले. घड्याळ फिरवायले मशीन पाहिजे तुम्हाले, अन् हात? हात फिरवायले कोण येईल?"

"तुले समजत नाही."

"मले समजत नाही? तुमची बटणं लावते मी. त्या पोट्टीले फोनवर खोटं सांगता, अन् मी ऐकून घेते. एक दिवस सगळं सांगून देईन तिले."

"सांग."

मी रागानं म्हटलं होतं. तिनं तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला. मुलगी ऑफिसात होती, कॉरिडॉरमध्ये येऊन बोलू लागली. बायकोनं फोन माझ्या हाताकडे धरला. खरं म्हणजे फक्त हाताकडे. मी हात मागे घ्यायला गेलो, पण घ्यायला तो हलायला हवा होता.

 मग मुलगी म्हणाली, "नव्वद टक्के, बाबा?"

मी उजव्या हातानं डावा उचलून मांडीवर घेतला.

"मुझे क्यों नहीं बताया? मैं क्या बाहर की हूँ?" ती रडत होती आणि चिडलेलीही होती, आणि मागून कोणीतरी तिला मीटिंगसाठी बोलावत होतं. "और घड़ी? घड़ी तो पहने हुए हैं."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. घड्याळवाल्याचं, चावीचं, त्या घरघरणाऱ्या डबीचं, शोरूमचं. सकाळी घड्याळ घालण्याचंही सांगितलं. बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि काहीतरी उगाच घासत बसली.

मुलगी संध्याकाळी परत फोनवर आली. तिनं मला घड्याळाच्या पाठीवरचा नंबर वाचायला लावला. भिंग लागलं, चष्मा लागला, दोनदा चुकलो. मग तिनं शोधून काढलं की या घड्याळाचं आतलं वजन एकाच दिशेला फिरताना स्प्रिंग भरतं. दुसऱ्या दिशेला नुसतंच मोकळं फिरतं. माझी ती काळी डबी नेमकी चुकीच्या दिशेला फिरत होती, दोन दिवस, अखंड, बिनकामाची.

"बाबा, आप सिव्हिल इंजीनियर हैं," ती म्हणाली. "दिशा नहीं देखी?"

"फोटोत दिशा दिसते का?" मी चिडून म्हणालो. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मीही फार ताणलं नाही.

पुढचे चार दिवस आम्ही तिघं मिळून वाइंडर निवडत होतो. मी म्हणायचो आवाज किती, ती म्हणायची दिशा बदलता येते का, बायको म्हणायची गादी केवढी, यांचं मनगट बारीक झालं आहे, पट्टा ताणला जाईल. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. शेवटी एकच घड्याळ मावेल अशी, दिशा आणि फेरे ठरवता येतील अशी, लहान गादीची लाकडी डबी ठरली. दिसायला अगदी साधी, निळा दिवा वगैरे काही नाही.

डबी आली. मी बायकोला म्हटलं, तू हात लावू नको, मीच लावीन. आणि बसलो.

आता या डब्यांची रचना अशी की गादी मऊ असते. ती एका हातानं दाबून बारीक करायची आणि दुसऱ्या हातानं कडी लावलेलं घड्याळ तिच्यावर सरकवायचं. म्हणजे दोन हात. ज्यानं ही डबी बनवली त्याच्या डोक्यातही आलं नसेल की हिची खरी गरज कोणाला पडेल. मी गादी दातात धरून पाहिली. टेबलाच्या कडेला दाबून पाहिली. दारात अडकवून पाहिली. एक पूर्ण दुपार गेली आणि शेवटी मी ती गादी भिंतीवर फेकली. बायकोनं ती उचलली, झटकली, टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेली. 

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना तिनं ती गादी आपल्या पर्समध्ये टाकली होती, मला न सांगता. फिजिओथेरपीवाली मुलगी पंचविशीची, महासमुंदकडची, बोलायला गोड आणि कामाला कडक. बायकोनं गादी तिच्यासमोर ठेवली. त्या मुलीनं ती दाबून पाहिली, उलटसुलट केली आणि माझ्या वळलेल्या बोटांत कोंबली.

"बॉल से अच्छी है, अंकल. अब इसको दबाके रखना है. बस दस तक गिनना."

मी दोनपर्यंत मोजलं आणि ती पडली.

"फिर से."

असं दीड महिना चाललं. यात गोड मानण्यासारखं काही नव्हतं. पहिले तीन आठवडे एक मिलिमीटरही फरक दिसला नाही, आणि ज्या दिवशी दिसला असं मला वाटलं, त्या दिवशी ती म्हणाली, नहीं अंकल, आप कंधे से दबा रहे हो. मी दोनदा न सांगता घरीच राहिलो. दोन्ही वेळा बायको रिक्षा थांबवून खाली उभी राहिली आणि वर फोन करत राहिली. सोसायटीचा चौकीदार पाहत होता, म्हणून मी उतरलो. घड्याळ तोवर बायकोच डबीत ठेवत होती आणि मी तिकडे पाहत नव्हतो.

मग एका रविवारी, मुलगी फोनवर असताना, मी डावा हात टेबलावर ठेवला, गादी त्याच्यात घातली आणि दाबली. अंगठा नीट आला नाही, तळवा आणि दोन बोटं आली. तेवढ्यात उजव्या हातानं घड्याळ सरकवलं. ते तिरकं बसलं, पण बसलं. मुलगी ओरडली. बायको म्हणाली, "पट्टा नीट करा, ओरखडा पडेल."

हात अजून पूर्ण आलेला नाही. बटणं मी खालची तीन लावतो, वरची ती लावते. टक्के सांगायचे मी बंद केले आहेत. मुलगी विचारते तेव्हा हात कॅमेऱ्यापुढे धरतो आणि तिचं तिला ठरवू देतो. घड्याळ डबीत दोन-तीन प्रयत्नांत बसतं, कधी पाचव्यात. कंटाळा येतो. शिव्याही देतो, आणि त्या आता बऱ्यापैकी स्पष्ट ऐकू येतात असं बायको म्हणते.

फक्त एक झालं आहे. या नव्या डबीत राहायला लागल्यापासून घड्याळ दिवसाला दोन मिनिटं पुढे पळतं. मुलगी म्हणते, मोटरच्या चुंबकामुळे असेल, डबी बदलून घेऊ, दुसरी शोधू. मी तिला हात जोडले. म्हणजे उजवा पुढे केला आणि डावा त्याला जाऊन टेकला, जरा उशिरा. म्हटलं, बाई, पळू दे.